बालकांतील प्रतिकारजन्य रक्तस्राव आणि स्वयंप्रतिपिंडांचा शोध : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

धडधाकट मुलाच्या अंगावर एकाएकी जांभळे डाग उमटावेत व नाकातून रक्त यावे, या विकाराचे वर्णन जर्मन वैद्य व्हेर्लहोफ यांनी १७३५ मध्ये केले. प्लीहा काढल्यास रक्तबिंबिका, म्हणजेच प्लेटलेट्स, वाढतात हे प्राग येथील वैद्यकाचा विद्यार्थी काझ्नेलसन याने १९१६ मध्ये दाखविले. कारण मात्र अज्ञातच राहिले. १९५० मध्ये अमेरिकेतील सेंट लुईस येथे डॉ. हॅरिंग्टन यांनी रुग्णाचे रक्त स्वतःच्या शरीरात घेतले. काही तासांतच त्यांच्या बिंबिका जवळजवळ नाहीशा झाल्या. असा प्रयोग आज कोणतीही नैतिकता समिती मान्य करणार नाही. परंतु दोष रक्तद्रवात आहे, हे त्यातूनच सिद्ध झाले.

याच सुमारास, १९५२ मध्ये, मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात भेंडे, देशपांडे व भाटिया यांच्या निरीक्षणातून ‘बाँबे रक्तगट’ जगापुढे आला. तेथील प्रतिपिंड-परीक्षेने ‘कोणाचे रक्त चालेल’ या प्रश्नाचे निःसंदिग्ध उत्तर दिले. बिंबिकांच्या बाबतीत तसे घडले नाही. १९८१ मध्ये स्वित्झर्लंडच्या इम्बाख यांनी शिरेतून दिलेल्या इम्युनोग्लोब्युलिनने मुलांच्या बिंबिका झपाट्याने वाढतात असे दाखविले. पुढच्याच वर्षी स्वयंप्रतिपिंडांचे लक्ष्य असलेले बिंबिकांवरील प्रथिनही ओळखले गेले. आता प्रतिपिंड तपासून उपचार ठरविता येईल, अशी आशा निर्माण झाली. तथापि अनेक खऱ्या रुग्णांत ही तपासणी नकारार्थी येते, आणि कोणत्या मुलाला कोणते औषध लागू पडेल हे ती खात्रीने सांगत नाही. बहुसंख्य मुले वर्षभरात बरी होतात. त्यामुळे रक्तस्राव नसेल वा किरकोळ असेल तर औषधाऐवजी निरीक्षणच करावे, असे अमेरिकन रक्तविज्ञान संस्थेने २०१९ मध्ये सुचविले.

मालवण किनाऱ्यावरील कुटुंबाच्या दृष्टीने हा इतिहास केवळ ग्रंथगत नाही. येथे डेंग्यू व लेप्टोस्पायरोसिस आहेत. २०१६ मध्ये दोडामार्ग तालुक्यात माकडतापाची साथ झाली. या तिन्हींत बिंबिका घटतात. मात्र या आजारांत ताप असतो व मूल मलूल दिसते. प्रतिकारजन्य विकारातील मूल बहुधा डाग सोडल्यास खेळते-बागडते असते. हा फरक, बिंबिकांची मोजणी आणि सूक्ष्मदर्शकाखालील रक्ताचा साधा थेंब यांतून जे कळते, ते बांबोळी वा मुंबई गाठून केलेल्या महागड्या प्रतिपिंड-तपासणीतून कळेलच असे नाही. डोकेदुखी, उलटी वा न थांबणारा रक्तस्राव दिसल्यास मात्र तत्काळ रुग्णालय गाठावे लागते. अ‍ॅस्पिरिन तर देऊच नये.