‘स्टेंट’ : एका आडनावाचा प्रवास

‘स्वारगेट’ या नावात फारसी ‘सवार’ आणि इंग्रजी ‘गेट’ एकत्र आले आहेत, असे सामान्यतः मानतात. तेथील बसस्थानकावर उपचारार्थ उतरणाऱ्या मूतखड्याच्या रुग्णांच्या तोंडी आता ‘स्टेंट’ हा आणखी एक परका शब्द रुळला आहे. सुश्रुताची ‘अश्मरी’ मात्र त्यांना अपरिचित!

‘स्टेंट’ हे मूळचे आडनाव होय. चार्ल्स स्टेंट (१८०७–१८८५) या इंग्रज दंतवैद्याचे दातांचा ठसा घेण्याचे मिश्रण पहिल्या महायुद्धात एसर या डच शल्यविशारदाने त्वचारोपणास आधार म्हणून योजले. पुढे आधार देणाऱ्या वस्तूसच ते नाव चिकटले. १९६७ मध्ये झिम्सकिंड व त्याच्या सहकाऱ्यांनी दुर्बिणीच्या साहाय्याने मूत्रवाहिनीत सिलिकोनची नळी बसविल्याचे प्रसिद्ध केले. ती जागची सरके. १९७८ मध्ये फिनी याने दोन्ही टोके आकड्यासारखी वळवून तिला स्थैर्य दिले.

खडा काढल्यावर सुजेने मूत्रमार्ग अडू नये, एवढ्यासाठीच ही नळी. हृदयातील स्टेंट सहसा कायमचा; हा काही दिवसांत वा आठवड्यांत काढावयाचा. एकाच शब्दामुळे हा भेद लोपतो. विसरलेल्या नळीवर क्षारांचे थर चढतात, प्रसंगी मूत्रपिंडही गमवावे लागते. म्हणूनच ‘नळी टाकली आहे, अमुक तारखेस काढावयाची’ हे साधे बोलीतील वाक्य मला पारिभाषिक शब्दाहून अधिक काटेकोर वाटते.