औषधाला चालतं!

निषिद्ध पदार्थ उजळ माथ्याने खायचा असेल तर आपल्याकडे एक राजमार्ग आहे. त्या पदार्थाला औषध म्हणायचं! ब्रँडी याच वाटेने कित्येक सज्जन घरांत शिरली, कॉडमाशाचं तेल शिरलं. पण या वाटेवरची फार जुनी प्रवासी म्हणजे आपली लसूण.

आमच्या आजीच्या स्वयंपाकघरात लसणीला मज्जाव होता. तिची जागा पडवीतल्या कोनाड्यात. चातुर्मासात तर तिचं नावही निघत नसे. पण आजोबांना वाताचा त्रास होता. त्यामुळे अधूनमधून खलबत्ता पडवीत यायचा आणि लसूण, सुकं खोबरं, तिखट, मीठ यांचं 'औषध' कुटलं जायचं. हा वात नेमका गरम भाकरी असेल त्या दिवशी बळावे. पुढे पुढे मीही वातप्रकृतीचा निघालो. शेजारच्या काकूंनी नाक मुरडलंच, तर आजी शांतपणे म्हणे, "औषधाला चालतं हो!"

ही युक्ती आजीच्या आजीहूनही जुनी आहे. चांगली दीड हजार वर्षांची. 1890 साली हॅमिल्टन बॉवर नावाचा एक इंग्रज लेफ्टनंट मध्य आशियात एका खुन्याच्या मागावर हिंडत होता. कुचा या गावी त्याला भूर्जपत्रावरची एक जुनी पोथी विकत मिळाली. रुडॉल्फ हॉर्नले या पंडितांनी ती पुढे संपादून छापली. पोथी निघाली इसवी सनाच्या चौथ्या ते सहाव्या शतकांच्या दरम्यानची, भाषा संस्कृत, आणि आरंभीचाच विषय लसूण!

तीत सुश्रुत विचारतो, ही वनस्पती कोणती? काशिराज सांगतो, अमृत पिणाऱ्या असुराचं डोकं विष्णूने उडवलं, रक्ताचे थेंब जमिनीवर पडले आणि त्यांतून लसूण उगवली. शरीराशी संबंध आला, म्हणून ती ब्राह्मणांना वर्ज्य. मग खोकल्यापासून मंदाग्नीपर्यंत ती कशाकशावर चालते याची भलीमोठी यादी. आता इतकी गुणाची वस्तू सोडायची म्हणजे जिवावरच येणार. त्यावरही पोथीत तोड आहे. गाईला तीन रात्री जवळजवळ उपाशी ठेवा, मग गवतात लसणीची पात मिसळून चारा, आणि तिचं दूध, दही, तूप ब्राह्मणाने खुशाल घ्यावं! म्हणजे सोवळं गाईचं आणि गुण लसणीचा. उपास तेवढा बिचाऱ्या गाईला. आमची आजी या मानाने फारच सरळमार्गी म्हणायची.

त्याच पोथीत लसणीचा उत्सवही आहे. थंडीच्या दिवसांत दारांवर, खिडक्यांवर लसणीच्या माळा लावायच्या आणि लसूण खायची. आपली आषाढातली कांदेनवमी याच गोत्रातली वाटते. फरक इतकाच की, तिथे स्वागत आणि इथे चार महिन्यांचा निरोप.

परदेशात लसणीला असे वळसे घ्यावे लागत नव्हते. हिरोडोटस लिहितो की, इजिप्तच्या मोठ्या पिरॅमिडवर मजुरांच्या मुळा, कांदा, लसणीचा खर्च कोरलेला होता. दुभाष्याने त्याला तो 1600 टॅलेंट चांदी असा वाचून दाखवला. दुभाष्यांवर किती विश्वास ठेवावा हे ज्याने त्याने ठरवावं. पण 1922 साली तुतनखामेनची कबर सापडली, तिच्यात राजाच्या सोन्यानाण्याबरोबर लसणीचे गड्डे खरोखरच निघाले. तिकडे लसूण राजाच्या कबरीतही जात होती.

आपल्याकडे मात्र ती माणसाचं घर कुठे असावं हे दाखवत होती. पाचव्या शतकाच्या आरंभी आलेला फाहियान लिहितो की, मध्यदेशात चांडाळांखेरीज कोणी कांदा-लसूण खात नाही. हे चांडाळ गावाबाहेर राहत आणि गावात शिरताना लाकूड वाजवत, म्हणजे इतरांनी बाजूला व्हावं. सातव्या शतकात ह्युएनत्संगही सांगतो की, कांदा-लसूण खाणाऱ्याला गावाबाहेर घालवतात. पोथीतल्या त्या माळा मग कुणाच्या दारावर होत्या? वैद्याला विचारून खाणाऱ्यांच्या असणार!

आमचा गोठा झाडायला एक बाई येत. दुपारी अंगणाच्या कडेला बसून त्या भाकरी सोडत. भाकरीवर तीच लसूण, तेच तिखट. खोबरं तेवढं नसे. शेण काढून काढून त्यांचेही गुडघे धरलेले असत. पण त्यांच्या चटणीला औषध म्हटल्याचं मी कधी ऐकलं नाही. त्यांच्याविषयी आजीचं वाक्य वेगळं होतं, "त्यांच्यात चालतं." कोनाडा आणि अंगण यांच्यामध्ये फार तर दहा पावलांचं अंतर होतं.

आता शास्त्राचं ऐका. 1944 साली अमेरिकेत कॅव्हॅलिटो आणि बेली या दोघांनी लसणीतून अ‍ॅलिसिन वेगळं काढलं. अख्ख्या पाकळीत ते नसतंच म्हणा ना. पाकळी ठेचली की तिच्यातली दोन द्रव्यं एकत्र येतात आणि अ‍ॅलिसिन तयार होतं. प्रयोगशाळेत ते जंतू मारतं. खलबत्त्याचा मान वाढला! पण 2007 साली स्टॅनफर्डच्या संशोधकांनी 192 माणसांवर सहा महिने प्रयोग केला. कोणाला कच्ची लसूण, कोणाला लसणीच्या गोळ्या, कोणाला नुसत्याच खोट्या गोळ्या. वाईट कोलेस्टेरॉल कोणाचंच लक्षणीय हटलं नाही. तेव्हा लसूण गुणाची असली, तरी औषध हे बरंचसं निमित्त. खरी ओढ चवीची. ते कबूल करायला एवढा इतिहास कशाला लागावा?

राहता राहिला वास. तो नुसता तोंडाचा नसतो. लसणीतलं गंधकाचं एक द्रव्य रक्तात उतरतं आणि फुप्फुसांतून श्वासाबरोबर बाहेर येतं, म्हणून कितीही दात घासले तरी तो जात नाही. औषध म्हणून खाल्लेली लसूण आणि नुसतीच खाल्लेली लसूण हा भेद त्या रक्ताला मुळीच कळत नाही. तो कळायला माणसाचं नाकच लागतं.