संगणकातील व्हिडिओ डीव्हीडीवर कसा उतरवावा?

लग्नसोहळा, प्रथम ख्रिस्तप्रसाद, गुरुदीक्षा किंवा आजीचा पंचाहत्तरावा वाढदिवस अशा प्रसंगांचे चित्रीकरण आज बहुतेक घरांत मोबाईलवर होते आणि तेथून ते संगणकात जाऊन पडते. तरुण मंडळी ते तेथेच पाहतात. परंतु ज्यांच्यासाठी तो प्रसंग सर्वांत मोलाचा असतो, त्या घरातील वयस्कांना संगणकापुढे बसणे जमत नाही. त्यांच्या दिवाणखान्यात जुना टीव्ही असतो, त्याच्याखाली डीव्हीडी प्लेअर असतो आणि तबकडी घालून बटण दाबणे एवढे त्यांना उत्तम जमते. परदेशी असलेल्या नातवाचे लग्न अंथरुणाला खिळलेल्या आजोबांना दाखवायचे, तर ते तबकडीवर उतरवणे हाच आजही अनेक घरांत सोपा मार्ग आहे. यासंबंधी आम्हांस वारंवार विचारणा होते. म्हणून ही माहिती एकत्रित देत आहोत.

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. संगणकातील फाईल कोऱ्या डीव्हीडीवर नुसती कॉपी केली, म्हणजे टीव्हीवर चालणारी डीव्हीडी तयार होत नाही. तशी तबकडी म्हणजे केवळ फाईली ठेवण्याचे कपाट होय. संगणक ते कपाट उघडू शकतो, पण सामान्य डीव्हीडी प्लेअरला आतील वस्तू ओळखता येत नाही आणि पडद्यावर ‘डिस्क एरर’ अशी अक्षरे उमटतात. काही प्लेअरवर ‘डिव्हएक्स’ ही खूण असते. ते जुन्या पद्धतीच्या एव्हीआय फाईली थेट वाचतात, परंतु मोबाईलवरील आजच्या फाईली बहुधा त्यांच्याही आवाक्याबाहेरच्या असतात.

प्लेअरला समजणारी भाषा ठरलेली आहे. डीव्हीडीवरील चित्र एमपेग-२ या पद्धतीने दाबून बसवलेले असते. आपल्या देशात पाल ही दूरचित्रवाणी पद्धत रूढ झाल्यामुळे चित्राचा आकार ७२० बाय ५७६ ठिपके आणि वेग सेकंदाला २५ चित्रे असा धरावा. अमेरिका, कॅनडा व जपान येथे एनटीएससी ही पद्धत होती. तेथे आकार ७२० बाय ४८० आणि वेग सेकंदाला जवळजवळ ३० चित्रे. आपल्याकडील बहुतेक प्लेअर दोन्ही वाचतात. तिकडील जुने प्लेअर मात्र पाल तबकडी पुष्कळदा नाकारतात. टोरोंटोच्या मावशीला तबकडी पाठवायची असेल, तर ती एनटीएससी पद्धतीने करावी. ध्वनीसाठी डॉल्बी डिजिटल म्हणजे एसी-३ ही पद्धत आणि ४८ किलोहर्ट्झ हे माप निवडावे. या सर्व फाईली तबकडीवर ‘व्हिडिओ टीएस’ नावाच्या एका फोल्डरमध्ये विशिष्ट क्रमाने बसतात. फाईलीचे हे रूपांतर आणि ही मांडणी अशी दोन निराळी कामे आहेत, हे लक्षात असले की पुढचे सारे सुलभ होते.

व्हीसीडीविषयीही विचारणा होते. साध्या सीडीवर एमपेग-१ पद्धतीने सुमारे ८० मिनिटांचा व्हिडिओ मावतो, पण चित्र केवळ ३५२ बाय २८८ ठिपक्यांचे असते आणि मोठ्या पडद्यावर ते पुसट दिसते. घरातला प्लेअर फक्त व्हीसीडीच वाचत असेल, तरच या वाटेने जावे.

आता मुख्य हिशेब. कोऱ्या डीव्हीडीवर ४.७ जीबी असे छापलेले असते. संगणक मोजतो निराळ्या रीतीने, म्हणून तो तीच जागा ४.३८ जीबी दाखवतो. यात दुकानदाराने फसवलेले नसते! एवढ्या जागेत किती वेळाचा व्हिडिओ मावेल, हे सेकंदाला किती मेगाबिट खर्च करायचे यावर अवलंबून असते. पूर्ण तबकडीत सुमारे ३७,६०० मेगाबिट मावतात. सोहळा दोन तासांचा, म्हणजे ७,२०० सेकंदांचा असेल, तर सेकंदाला ५.२ मेगाबिट मिळतात. ध्वनीचे आणि मांडणीचे वगळून चित्रासाठी ४.८ धरावे. चित्र उत्तम येते. तीन तास कोंबले, तर सेकंदाला साडेतीनही उरत नाहीत आणि मिरवणुकीत माणसे चालू लागली की चित्रात चौकोनी तुकडे दिसू लागतात. उलट सोहळा एकाच तासाचा असेल, तर हिशेबाने दहा मेगाबिट येतात, पण मर्यादा ९.८ ची आहे आणि घरी भरलेली तबकडी त्या मर्यादेपाशी अडखळते. म्हणून आठच्या वर जाऊ नये. आमचे मत असे की, तीन तासांच्या लग्नासाठी दोन तबकड्या कराव्यात. पहिलीत मिस्सा, दुसरीत स्वागतसमारंभ. वडीलधाऱ्यांनाही एका बैठकीत तीन तास पाहणे होत नाही.

मोबाईलवरील चित्रीकरणात एक अडचण लपलेली असते. मोबाईल सेकंदाला ठराविक चित्रे घेत नाही. उजेड कमी झाला की वेग मंदावतो. असा व्हिडिओ तसाच रूपांतरित केला, तर आरंभी सारे ठीक वाटते, पण अर्ध्या तासानंतर ओठ आणि शब्द यांची फारकत होऊ लागते. यावर उपाय असा, की प्रथम एखाद्या संपादन प्रणालीत किंवा हँडब्रेकमध्ये वेग ‘स्थिर’ असा निवडून नवी एमपी-४ फाईल करून घ्यावी आणि मग तिचे डीव्हीडीत रूपांतर करावे. हँडब्रेक डीव्हीडी तयार करीत नाही, हे येथे सांगून ठेवतो. त्या भ्रमात पुष्कळांचे वेळ गेले आहेत. मोबाईल उभा धरून घेतलेल्या चित्राच्या दोन्ही बाजूंना काळे पट्टे येणारच. ते घालवण्यासाठी चित्र ताणल्यास वधूवर लठ्ठ दिसतात. आडव्या चित्रणासाठी १६:९ आणि जुन्या कॅमेऱ्याच्या चित्रणासाठी ४:३ हे प्रमाण निवडले, म्हणजे चेहरे नैसर्गिक राहतात. जुने टीव्ही चित्राच्या कडा थोड्या कापतात. म्हणून नावे व तारखा कडेपासून पुरेशा आत लिहाव्यात.

मराठी अक्षरांचा प्रश्न मात्र डीव्हीडीवर उत्तम सुटतो. पेन ड्राईव्हवरून उपशीर्षके दाखवताना अनेक टीव्ही देवनागरीचे काने-मात्रा विस्कळीत करतात, जोडाक्षरे मोडतात किंवा नुसते चौकोन दाखवतात. डीव्हीडीवरील उपशीर्षके अक्षरे म्हणून नव्हे, तर लहान चित्रे म्हणून साठवली जातात. त्यामुळे संगणकावर शब्द नीट दिसला, की तो कोणत्याही प्लेअरवर तसाच दिसतो. यासाठी मजकूर युनिकोडमध्ये टंकलिखित केलेला असावा आणि फाईल यूटीएफ-८ या स्वरूपात जतन करावी. जुन्या शिवाजी किंवा किरण फाँटमधील मजकूर तसाच घातल्यास पडद्यावर निरर्थक रोमन अक्षरे उमटतील. ज्यांना कमी ऐकू येते, अशा वृद्धांसाठी प्रवचनाचे आणि शुभेच्छापर भाषणांचे शब्द खाली दिले, तर तो कार्यक्रम खऱ्या अर्थाने त्यांचा होतो. श्रम आहेत, पण करण्याजोगे आहेत.

साधनांविषयी थोडक्यात. विंडोज व्हिस्टा आणि विंडोज ७ यांत डीव्हीडी मेकर ही प्रणाली सोबतच येत असे. विंडोज ८ पासून, म्हणजे २०१२ पासून, ती मिळेनाशी झाली. आज डीव्हीडीस्टायलर ही विनामूल्य प्रणाली रूपांतर, मांडणी आणि मुखपृष्ठाची यादी ही तिन्ही कामे करते. तिच्यात आरंभीच पाल, चित्रप्रमाण आणि तबकडीचे माप विचारले जाते. तयार झालेला फोल्डर तबकडीवर भरण्यासाठी इमगबर्न ही प्रणाली विश्वसनीय आहे. लिनक्स वापरणाऱ्यांना केथ्रीबी परिचित असेलच. नव्या लॅपटॉपमध्ये डीव्हीडी ड्राईव्ह बहुधा नसतो, पण यूएसबीने जोडावयाचा बाहेरचा ड्राईव्ह मिळतो.

कोऱ्या तबकड्यांत डीव्हीडी वजा आर आणि डीव्हीडी अधिक आर असे दोन प्रकार आहेत. फार जुन्या प्लेअरसाठी वजा आर अधिक सुरक्षित. भरण्याचा वेग तबकडीवर १६ एक्स छापलेला असला, तरी आम्ही ८ एक्सच ठेवतो. आठ-दहा मिनिटांत काम होते आणि चुका कमी राहतात. भरून झाल्यावर तबकडी ‘फायनलाईज’ करणे विसरू नये, अन्यथा ती केवळ भरणाऱ्या संगणकातच दिसते. पहिली प्रत प्रत्यक्ष प्लेअरवर शेवटपर्यंत पाहावी आणि मगच बाकीच्या काढाव्यात. दोष बहुधा तबकडीच्या बाहेरच्या कडेला, म्हणजे कार्यक्रमाच्या अखेरच्या भागात असतो आणि नेमका तोच भाग कोणी तपासत नाही.

एक अनुभव सांगितलाच पाहिजे. एका ज्येष्ठ धर्मगुरूंच्या सुवर्णमहोत्सवाचे चित्रीकरण आम्ही एका दुकानातून डीव्हीडीवर करून घेतले आणि संगणकातील मूळ फाईली जागा अडते म्हणून पुसून टाकल्या. तबकडीवर सुंदर छापील कागद चिकटवला होता. काही वर्षांनी ते धर्मगुरू प्रभुवासी झाले आणि अंत्यविधीच्या आदल्या रात्री ती तबकडी लावली, तर निम्म्यापुढे चालेना. दुसरी प्रत नव्हती. दोष दुकानाचा म्हणण्यापेक्षा आमचा अधिक होता. घरी भरलेल्या तबकडीत माहिती एका रंगद्रव्याच्या थरावर उमटवलेली असते. ऊन, उष्णता आणि दमट हवा यांनी तो थर खराब होतो. चिकटवलेला कागद वाळताना तबकडीला किंचित बाक आणतो. तेव्हा नाव पाण्याच्या शाईच्या मऊ मार्करनेच लिहावे आणि तबकडी डबीत, उभी व उन्हापासून दूर ठेवावी. शिवाय डीव्हीडीचे चित्र मूळ मोबाईल चित्रणापेक्षा पुष्कळ कमी बारकाव्याचे असते. त्या चित्रावरून मूळ परत मिळवता येत नाही. म्हणून मूळ फाईल दोन निरनिराळ्या हार्ड डिस्कवर ठेवावी आणि डीव्हीडी पाहण्यापुरती मानावी.

ज्यांचा टीव्ही नवा आहे, त्यांनी हा सारा खटाटोप करू नये. यूएसबीची जागा असलेल्या बहुतेक टीव्हींना एच.२६४ पद्धतीची एमपी-४ फाईल पेन ड्राईव्हवरून चालते. पेन ड्राईव्ह फॅट-३२ पद्धतीने तयार केलेला असेल, तर त्यावर ४ जीबीपेक्षा मोठी एक फाईल बसत नाही, एवढे ध्यानी घ्यावे. मोठ्या सोहळ्याचे दोन भाग करावेत.