वाक्‌साहाय्यके व अपंग व्यक्ती

वाक्‌साहाय्यके : बोलून दिलेली आज्ञा समजून घेणाऱ्या व उत्तरही बोलून देणाऱ्या संगणकीय प्रणालीस वाक्‌साहाय्यक म्हणतात. तीत मुख्यतः तीन कार्ये होतात : उच्चारित ध्वनींचे शब्दांत रूपांतर (वाक्‌अभिज्ञान), त्या शब्दांचा अर्थबोध आणि उत्तराचे कृत्रिम वाणीत रूपांतर (वाक्‌संश्लेषण). सर्वसामान्यांना ही एक सोय वाटते. अंध व्यक्तींना, तसेच हातांची हालचाल करू न शकणाऱ्यांना मात्र तीमुळे एरवी दुसऱ्याकडून करून घ्यावी लागणारी कामे स्वतः करता येतात. या साधनांच्या विकासातील अनेक टप्पे त्यांच्याच गरजांतून आलेले आहेत.

टॉमस एडिसन (१८४७–१९३१) यांनी १८७७ मध्ये फोनोग्राफचा शोध लावला. पुढच्याच वर्षी त्याचे संभाव्य उपयोग सांगताना त्यांनी अंधांसाठी बोलणाऱ्या पुस्तकांचा उल्लेख केला. ही कल्पना प्रत्यक्षात येण्यास अर्धशतकाहून अधिक काळ लागला. १९३४–३५ च्या सुमारास अमेरिकेत व इंग्लंडमध्ये ध्वनिमुद्रिकांवरील बोलकी पुस्तके अंध वाचकांना मिळू लागली. तथापि दुसऱ्याने निवडून वाचलेले ग्रंथच त्यांतून ऐकता येत. हवे ते पान स्वतः वाचता यावे, या हेतूने फूर्न्ये दाल्ब (१८६८–१९३३) यांनी त्यापूर्वीच ऑप्टोफोन हे उपकरण तयार केले होते. त्यात छापील अक्षरांच्या आकृतींचे सुरांत रूपांतर होई. परंतु ते सूर ओळखण्यास दीर्घ सराव लागे व वाचनाची गतीही मंद राही. त्यामुळे त्याचा फारसा प्रसार झाला नाही.

१९७६ मध्ये रेमंड कुर्झवाइल यांनी अमेरिकेतील अंधांच्या राष्ट्रीय संघाच्या सहकार्याने वाचनयंत्र सिद्ध केले. निरनिराळ्या वळणांची छापील अक्षरे ओळखून हे यंत्र मजकूर मोठ्याने वाचून दाखवी. डेनिस क्लॅट (१९३८–८८) यांच्या मॅसॅचूसेट्स तंत्रविद्या संस्थेतील संशोधनामुळे कृत्रिम वाणी अधिक सुगम झाली. १९८५ मध्ये वाचा गमावलेले भौतिकीविज्ञ स्टीव्हन हॉकिंग यांचा पुढे जगाला परिचित झालेला आवाज क्लॅट यांच्या स्वतःच्या आवाजाच्या आधारे घडविलेला होता.

संगणकाच्या पडद्यावरील मजकूर वाचून दाखविणाऱ्या प्रणाली १९८० नंतरच्या दशकात प्रचारात आल्या. त्यांपैकी काही महाग असल्यामुळे सामान्य अंध व्यक्तीच्या आवाक्याबाहेर होत्या. २००६ मध्ये ऑस्ट्रेलियातील मायकेल करन या अंध तरुणाने एनव्हीडीए ही विनामूल्य प्रणाली सुरू केली. तिच्यावर मराठी मजकूरही ऐकता येतो. उंचवटे नसलेल्या सपाट स्पर्शपटलामुळे भ्रमणध्वनी अंधांना निरुपयोगी ठरण्याचा संभव होता. २००९ मध्ये आयफोनमध्ये पटलवाचकाचा अंतर्भाव झाल्याने ही अडचण बरीच दूर झाली.

वाक्‌अभिज्ञानाचा आरंभ बेल प्रयोगशाळेतील ‘ऑड्री’ (१९५२) या यंत्रापासून मानता येतो. त्यास केवळ अंक ओळखता येत. १९९७ मध्ये ओघवते बोलणे टिपणारी ड्रॅगन ही प्रणाली बाजारात आली व टंकलेखन करू न शकणाऱ्यांना लेखनाचा मार्ग मोकळा झाला. त्यानंतर सिरी (२०११), अलेक्सा (२०१४) व गूगल असिस्टंट (२०१६) ही साहाय्यके आली. यांपैकी गूगल असिस्टंटला २०१८ मध्ये मराठी अवगत झाली.

या साधनांची मोठी मर्यादा म्हणजे ती प्रामुख्याने सर्वसामान्य उच्चारांवर घडविलेली आहेत. मेंदूचा पक्षाघात, कंपवात किंवा तोतरेपणा यांमुळे ज्यांचे उच्चार वेगळे होतात, त्यांची आज्ञा यंत्रास अनेकदा कळत नाही. म्हणजे हातांच्या दुर्बलतेमुळे ज्यांना वाणीचा आधार हवा, त्यांतील काहींनाच तो नाकारला जातो. अशा उच्चारांचे नमुने गोळा करण्याचा प्रकल्प इलिनॉय विद्यापीठाने २०२२ मध्ये मोठ्या संगणक-कंपन्यांच्या साहाय्याने हाती घेतला.

भारतात २०११ च्या जनगणनेनुसार सु. २ कोटी ६८ लाख अपंग व्यक्ती होत्या. त्यांत दृष्टिदोष असलेल्या सु. ५० लाख, तर वाचादोष असलेल्या सु. २० लाख होत्या. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ अन्वये माहिती व संपर्कसाधने त्यांना सुगम करणे हे शासनाचे कर्तव्य ठरते. बोलीभेद, साधनांची किंमत आणि घरातील संभाषण यंत्राच्या कानी पडण्याचा धोका हे प्रश्न या संदर्भात महत्त्वाचे आहेत. ज्याला दुसरा पर्याय आहे, तो असे यंत्र बंद ठेवू शकतो. ज्याला नाही, त्याच्या खाजगीपणाचे रक्षण कायद्यानेच व्हावे लागते.