सुधारणा, बंदी आणि फर्मान : निजामी हैदराबादची अखेरची अकरा वर्षे

वसमत तालुक्यातील कुरुंदा हे गाव मराठी वाचकाला ठाऊक असते ते एका आडनावामुळे. नरहर कुरुंदकरांचे हे मूळ गाव. ‘हैद्राबाद : विमोचन आणि विसर्जन’ लिहिणारे कुरुंदकर १९४८ च्या सप्टेंबरात सोळा वर्षांचे होते; म्हणजे ज्या राज्याची चिकित्सा त्यांनी पुढे केली, त्याच राज्यात ते वाढले होते.

हे राज्य केवळ दडपशाहीवर चालत नव्हते, हे आधी ध्यानात घ्यावे लागते. १९३७ साली परतूरला महाराष्ट्र परिषदेचे पहिले अधिवेशन भरले. त्याच वर्षी निजाम सरकारने राजकीय सुधारणांसाठी अरवमुदु अय्यंगार समिती नेमली. समितीचा अहवाल ऑगस्ट १९३८ अखेर सादर झाला आणि सप्टेंबरात, स्टेट काँग्रेस रीतसर स्थापन होण्यापूर्वीच, तिच्यावर बंदी आली. एका हाताने विधिमंडळाचा आराखडा मांडायचा आणि दुसऱ्या हाताने ते चालवू शकणारी संघटना मोडायची! मला यात गोंधळ दिसत नाही, धोरणच दिसते.

१९३९ मध्ये जाहीर झालेल्या सुधारणांतही हेच धोरण होते. मतदारसंघ प्रदेशनिहाय नव्हते, तर व्यवसाय व हितसंबंधांनुसार होते. लोकसंख्येत सुमारे आठवा हिस्सा असलेल्या मुस्लिमांना हिंदूंच्या बरोबरीने जागा होत्या. मंत्रिमंडळ मात्र विधिमंडळाला नव्हे, निजामालाच जबाबदार! सभा घेण्यासाठी पूर्वपरवानगी मागणारी ‘गश्ती निशान ५३’ लोकांच्या मानेवर होतीच. महायुद्धामुळे या सुधारणाही लांबल्या. १९४६ मध्ये बंदी उठली, सुधारित योजना आली. जबाबदार राज्यपद्धती नसल्याने स्टेट काँग्रेसने तिच्यावर बहिष्कार घातला.

जून १९४७ च्या फर्मानाने निजामाने स्वतंत्र राहण्याचा मनोदय जाहीर केला. २९ नोव्हेंबरला भारताशी ‘जैसे थे’ करार झाला. वाटाघाटींसाठी वर्षभराची मुदत मिळाली. गावांना मात्र याच काळात लातूरचे वकील कासीम रझवी यांचे रझाकार भोगावे लागले. स्वामी रामानंद तीर्थ तुरुंगात होते, सीमेवरच्या छावण्यांतून सशस्त्र प्रतिकार चालू होता. वसमतचे महाविद्यालय आज ज्यांचे नाव सांगते, ते हुतात्मा बहिर्जी याच लढ्यातले.

१३ सप्टेंबर १९४८ ला भारतीय सैन्य शिरले आणि पाच दिवसांत निजामाने शरणागती पत्करली. आपल्या शालेय पुस्तकातले प्रकरण इथे संपते. इतिहास संपत नाही. त्यानंतरच्या आठवड्यांत मुस्लिमांची मोठी कत्तल झाली. नेहरूंनी पाठवलेल्या सुंदरलाल समितीने मृतांचा अंदाज २७ ते ४० हजार इतका दिला आणि सर्वाधिक झळ बसलेल्या चार जिल्ह्यांत उस्मानाबाद व नांदेड यांची नावे घेतली. हा अहवाल अनेक दशके प्रसिद्ध झाला नाही. रझाकारांचे अत्याचार सांगताना आवाज चढतो आणि या पानावर तो खाली येतो, असा अनुभव मी घरीदारी घेतला आहे. मुक्तिसंग्राम न्याय्य होता, म्हणूनच हे पान वगळण्याची गरज नाही.

पुढची साडेतीन वर्षेही निवडून आलेल्या सरकारची नव्हती. आधी जनरल चौधुरींचे लष्करी प्रशासन, मग नियुक्त मुख्यमंत्री वेल्लोडी. मात्र याच काळात १९४९ ला जहागिरी गेल्या आणि १९५० चा कूळकायदा आला. तर ज्याची सत्ता गेली तो निजाम २६ जानेवारी १९५० पासून राजप्रमुख म्हणून विराजमान झाला! कुरुंद्याच्या शेतकऱ्याने आमदार निवडण्यासाठी प्रथम मत दिले ते १९५२ च्या निवडणुकीत.