आगगाडीचा ब्रेक : दोन तारखांमधला हिशेब



विज्ञानाच्या पुस्तकांत शोधाची तारीख दिलेली असते. तो शोध कामगाराच्या उपयोगी केव्हा पडला, ही दुसरी तारीख बहुधा दिलेली नसते. या दोन तारखांच्या मध्ये किती वर्षे गेली आणि त्या वर्षांत कोण मेले, हा हिशेब आम्हां चळवळीतल्या माणसांना महत्त्वाचा वाटतो. तो मांडण्यासाठी आज आम्ही आगगाडीचा ब्रेक घेतला आहे.

आगगाडी चालवण्यापेक्षा थांबवणे कठीण. लोखंडी रुळावर लोखंडी चाक फिरते, त्यामुळे घर्षण अगदी थोडे. म्हणूनच एक इंजिन शेकडो टन माल ओढते, आणि म्हणूनच तो माल एकदा धावू लागला की सहजी आवरत नाही. गेल्या शतकाच्याही मागच्या शतकात अमेरिकेतील मालगाडीच्या वाघिणींना टपाजवळ हाताने फिरवायचे एक चाक असे. ते फिरवले की साखळी गुंडाळली जाई आणि खालच्या चाकांवर ठोकळे दाबले जात. ड्रायव्हरने शिटी दिली की ब्रेकवाले धावत्या गाडीच्या टपावरून एका वाघिणीवरून दुसरीवर जात आणि ही चाके एकामागून एक आवळीत. पावसात, बर्फात, रात्रीच्या अंधारात हे काम चाले. पाय घसरला की माणूस संपला. शिवाय वाघिणी जोडताना दोहोंच्या मध्ये उभे राहून कडीत खिळा घालावा लागे. जुना ब्रेकवाला त्याच्या तुटक्या बोटांवरून ओळखू येई.

1869 साली जॉर्ज वेस्टिंगहाऊस या बावीस वर्षांच्या तरुणाने हवेच्या ब्रेकचे पेटंट घेतले. इंजिनावर हवा दाबून टाकीत भरायची. ड्रायव्हरने झडप उघडली की ती हवा नळीवाटे सर्व डब्यांखाली जायची आणि दट्ट्या ढकलून ठोकळे चाकांवर आवळायची. एका माणसाच्या मनगटात सगळी गाडी आली. पण यात एक वैगुण्य होते. मधली नळी तुटली तर हवा बाहेर जाई आणि ऐन संकटात ब्रेकच नाहीसा होई.

1872 साली वेस्टिंगहाऊसने ही व्यवस्था उलटी केली. प्रत्येक डब्याखाली त्याने हवेची एक स्वतंत्र टाकी आणि एक तिहेरी झडप बसवली. नळीत दाब आहे तोवर टाकी भरत राहते आणि ब्रेक सुटलेला राहतो. नळीतला दाब घटला की झडप सरकते आणि टाकीतली हवा दट्ट्यावर सोडते. म्हणजे ब्रेक लावण्यासाठी ड्रायव्हर हवा पाठवत नाही, तो ती सोडून देतो. नळी तुटली किंवा गाडीचे दोन तुकडे झाले, तर दोन्ही तुकडे आपोआप थांबतात. आपल्या डब्यातली धोक्याची साखळी याच तत्त्वावर चालते. साखळी ओढणारा प्रवासी ब्रेकच्या नळीतला दाब बिघडवतो, एवढेच. भारतीय रेल्वेत दीर्घकाळ चाललेला निर्वात ब्रेकही असाच. फरक इतकाच, की तेथे नळी पोकळ ठेवलेली असे आणि बाहेरची हवा आत शिरली की ब्रेक लागे.

आता दुसऱ्या तारखेकडे येऊ. अमेरिकेत उतारूंच्या गाड्यांना हा ब्रेक लवकर मिळाला. मालगाड्यांना मिळाला नाही. कंपन्यांची एक अडचण खरी होती, ती आम्ही नाकारत नाही. पन्नास वाघिणींच्या गाडीत पुढचा ब्रेक आधी लागे, मागचा उशिरा, आणि मागच्या वाघिणी पुढच्यांवर आदळत. 1886 व 1887 साली आयोवातील बर्लिंग्टन येथे यासाठी जाहीर चाचण्या झाल्या आणि वेस्टिंगहाऊसने झडप सुधारून ती अडचण दूर केली. त्यानंतर उरला तो फक्त खर्चाचा प्रश्न. 1889 च्या जूनअखेर संपलेल्या एका वर्षात अमेरिकेच्या रेल्वेवर सुमारे 2000 कामगार मेले आणि सुमारे 20,000 जखमी झाले.

ब्रेकवाल्यांनी 1883 सालीच न्यूयॉर्क राज्यातील ओनिऑण्टा येथे गाडीच्या एका डब्यात बसून आपली संघटना उभारली होती. लॉरेन्झो कॉफिन नावाचा आयोवाचा एक शेतकरी, डोळ्यांदेखत एका ब्रेकवाल्याची बोटे तुटलेली पाहून, वर्षानुवर्षे सभा, पत्रके आणि आर्जवे करीत हिंडला. अखेर 2 मार्च 1893 रोजी हवेचा ब्रेक आणि आपोआप जुळणारा सांधा मालगाड्यांनाही सक्तीचा करणारा कायदा झाला. त्याची मुदतही पुढे 1900 पर्यंत लांबवण्यात आली. त्यातले एक कलम आम्हांला यंत्राइतकेच मोलाचे वाटते. कायद्याविरुद्ध वापरलेल्या वाघिणीमुळे कामगार जखमी झाला, तर तो कामावर राहिला म्हणून त्याने धोका पत्करला असे मानू नये, असे ते कलम सांगते. पोटासाठी काम करणे म्हणजे मरणाला संमती देणे नव्हे, हे त्याने मान्य केले.

इंग्लंडच्या सरकारलाही जाग आली ती प्रेते मोजल्यावरच. 12 जून 1889 रोजी आयर्लंडमधील आर्मा गावाजवळ सहलीला निघालेली मुलांची गाडी चढावर अडकली. तिचे दोन भाग करण्यात आले. ब्रेक निर्वात होता, पण आपोआप लागणारा नव्हता. नळी सुटताच मागच्या डब्यांचा ब्रेक गेला. गार्डच्या हातब्रेकने आणि चाकांखाली ठेवलेल्या दगडांनी ते डबे थांबले नाहीत. ते उतारावरून मागे धावले आणि मागून येणाऱ्या गाडीवर आदळले. सुमारे 80 जीव गेले, त्यांत कित्येक मुले. तीन महिन्यांच्या आत, उतारूंच्या गाड्यांना आपोआप लागणारा ब्रेक सक्तीचा करणारा कायदा झाला. शोध मात्र सतरा वर्षांपूर्वीचा होता.

हा सगळा जुना इतिहास झाला असे कोणी म्हणेल, तर त्याने कॅनडातील लाक-मेगान्तिककडे पाहावे. जुलै 2013 मध्ये एका रात्री खनिज तेलाची 72 वाघिणींची गाडी उतारावर उभी होती. गाडीवर नेमलेला माणूस एकच. तो काम आटोपून विश्रांतीला गेला होता. इंजिनाला आग लागली, ती विझवताना इंजिन बंद करण्यात आले, तेव्हा हवा दाबणारे यंत्रही थांबले. नळीतली हवा झपाट्याने गेली तर झडप जागी होते. हळूहळू झिरपली तर होत नाही. येथे ती हळूहळू झिरपली. आवळलेले हातब्रेक सात, तेही अपुरे पडले. 6 जुलैच्या पहाटेपूर्वी ती गाडी गावात घुसली आणि 47 माणसे मेली. खटला तीन रेल्वे कर्मचाऱ्यांवर चालला. 2018 साली ज्यूरीने तिघांनाही निर्दोष ठरवले. चौकशी मंडळाने कारणे अठरा सांगितली, आणि त्यांत कंपनीची सुरक्षिततेविषयीची ढिलाई व सरकारी देखरेखीचा दुबळेपणाही होता.

तेव्हा यंत्राची निंदा करायला आम्ही येथे आलो नाही. वेस्टिंगहाऊसच्या झडपेने जितके कामगार वाचवले तितके आमच्या भाषणांनी वाचवले नसतील. पण ती झडप वाघिणीखाली बसवायला कायदा लागला, कायदा व्हायला संघटना लागली, आणि झडप बसल्यावरही गाडीवर पुरेशी माणसे लागतातच. उद्या आपल्या कारखान्यात नवे यंत्र येईल, तेव्हा ते कसे चालते हे अवश्य विचारा. त्याबरोबरच ते थांबते कसे, आणि थांबवायला माणसे किती ठेवली आहेत, हेही विचारा.