नमुन्याची निगा ठरवते कर्करोगाच्या उपचारांची दिशा

आरोंदा, प्रतिनिधी : तेरेखोल नदीच्या काठी वसलेले आरोंदा हे सावंतवाडी तालुक्यातील गोव्याच्या सीमेवरचे गाव. येथील एखाद्या महिलेच्या स्तनात गाठ आढळल्यास शस्त्रक्रिया एका गावी आणि गाठीची तपासणी दुसऱ्याच शहरात होण्याची शक्यता असते. नमुना नदीपलीकडे गोव्यात बांबोळीला, घाट चढून कोल्हापूर-बेळगावला किंवा थेट मुंबईलाही जाऊ शकतो. शस्त्रक्रिया कोण करणार, याची नातेवाईक कसून चौकशी करतात. काढलेली गाठ कशात व किती वेळात ठेवली, हे मात्र सहसा कोणी विचारत नाही. वास्तविक पुढील उपचारांची दिशा बऱ्याच अंशी त्यावरच अवलंबून असते.

फॉर्मलिनचे कार्य

शरीराबाहेर काढलेल्या ऊतीचा रक्तपुरवठा तुटतो आणि पेशींतील विकरे त्याच पेशींतील प्रथिनांचे विघटन करू लागतात. उष्ण हवेत ही क्रिया अधिक वेगाने होते. ती थांबवण्यासाठी नमुना फॉर्मलिनमध्ये बुडवून ठेवतात. फॉर्मलिन हाताळताना स्वतःच्या बोटांची त्वचा कडक झाल्याचे जर्मन वैद्य फर्डिनांड ब्लूम यांच्या लक्षात आले आणि 1893 मध्ये त्यांनी ऊती टिकवण्यासाठी त्याचा वापर सुचवला. आजही जगभरातील पॅथॉलॉजी प्रयोगशाळांमध्ये हीच पद्धत रूढ आहे. फॉर्मलिनमधून काढलेल्या नमुन्यातील पाण्याचा अंश घालवून तो पॅराफिन मेणात बसवतात. या ठोकळ्याला ब्लॉक म्हणतात. त्याचे तीन ते चार मायक्रॉन जाडीचे काप काचपट्टीवर घेऊन रंगवले जातात आणि सूक्ष्मदर्शकाखाली तपासले जातात.

औषध ठरवणारी तपासणी

स्तनाच्या कर्करोगात केवळ कर्करोग आहे की नाही, एवढेच पाहून भागत नाही. पेशींवर इस्ट्रोजेन व प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकांचे रिसेप्टर आहेत का, तसेच हर-टू हे प्रथिन वाजवीपेक्षा अधिक आहे का, हेही पाहावे लागते. इस्ट्रोजेन रिसेप्टर असल्यास टॅमॉक्सिफेनसारख्या गोळ्या उपयोगी पडतात. अशा रुग्णांनी पाच वर्षे टॅमॉक्सिफेन घेतल्यास स्तनाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने घटतात, असे मोठ्या आंतरराष्ट्रीय चाचण्यांच्या एकत्रित विश्लेषणातून 2011 मध्ये स्पष्ट झाले. ही गोळी जुनी आणि तुलनेने स्वस्त आहे. परंतु नमुना नीट न राखल्याने रिसेप्टर नष्ट झाले, तर अहवाल 'निगेटिव्ह' येतो आणि रुग्णाला ती गोळी दिलीच जात नाही.

कॅनडातील धडा

ही भीती काल्पनिक नाही. कॅनडाच्या न्यूफाउंडलंड प्रांतात 2005 मध्ये एका रुग्णाचा आधी निगेटिव्ह आलेला अहवाल फेरतपासणीत पॉझिटिव्ह निघाला. त्यानंतर 1997 पासूनचे निगेटिव्ह नमुने टोरांटो येथे पुन्हा तपासण्यात आले. साडेतीनशेहून अधिक रुग्णांचे मूळ निष्कर्ष चुकीचे असल्याचे त्यातून उघड झाले. न्यायमूर्ती मार्गारेट कॅमेरॉन यांच्या चौकशी आयोगाने 2009 मध्ये अहवाल दिला. प्रयोगशाळेतील गुणवत्ता नियंत्रणाचा अभाव हे त्यातील प्रमुख कारण होते.

भारतातील अनुभव

मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयातील 798 अर्बुदांचा अभ्यास 2000 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात इस्ट्रोजेन रिसेप्टर पॉझिटिव्ह असण्याचे प्रमाण सुमारे एक तृतीयांश आढळले. पाश्चात्त्य देशांत ते साधारणपणे 70 टक्क्यांच्या आसपास असते. भारतीय रुग्ण सरासरीने कमी वयाच्या असतात, हे या तफावतीचे एक कारण मानले जाते. मात्र नमुने फॉर्मलिनमध्ये ठेवण्यातील त्रुटींचाही त्यात वाटा असावा, असे पॅथॉलॉजी क्षेत्रात मानले जाते. म्हणजेच 'भारतीय स्त्रियांचा कर्करोग वेगळा' असे म्हणण्यापूर्वी नमुन्याची बरणी तपासून पाहणे आवश्यक ठरते.

निकष काय सांगतात?

अमेरिकेतील कर्करोगतज्ज्ञ व पॅथॉलॉजिस्ट यांच्या संघटनांनी 2010 मध्ये जाहीर केलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार गाठ काढल्यापासून एक तासाच्या आत ती फॉर्मलिनमध्ये जावी आणि 6 ते 72 तास तेथे राहावी. फॉर्मलिन 10 टक्के तीव्रतेचे व बफरयुक्त असावे आणि नमुन्याच्या आकारमानाच्या दहापट असावे. ते ऊतीत तासाला जेमतेम एक मिलिमीटर शिरते. त्यामुळे संपूर्ण स्तन काढला असल्यास त्याला आडवे छेद देणे गरजेचे असते, अन्यथा आतील गाठ फॉर्मलिन पोहोचण्यापूर्वीच खराब होऊ लागते. नमुना सलाइनमध्ये ठेवणे किंवा अरुंद तोंडाच्या बाटलीत कोंबणे या चुका टाळल्या पाहिजेत.

रुग्णांनी काय विचारावे?

शस्त्रक्रियेपूर्वीच रुग्णालयात बफरयुक्त फॉर्मलिन व रुंद तोंडाची बरणी उपलब्ध आहे का, याची चौकशी करावी. गाठ काढल्याची आणि ती फॉर्मलिनमध्ये ठेवल्याची वेळ अर्जावर लिहून घ्यावी. रिसेप्टर निगेटिव्ह आल्यास गाठीलगतच्या निरोगी ग्रंथींमध्ये रिसेप्टर दिसले का, हे डॉक्टरांना विचारावे. तेथेही ते दिसले नसतील, तर तपासणी ग्राह्य धरता येत नाही. पॅराफिनचे ब्लॉक अनेक वर्षे टिकतात आणि मोठ्या केंद्रात फेरतपासणीसाठी नेता येतात. त्यामुळे अहवालाच्या कागदाइतकेच ते जपावेत. मात्र पहिल्या काही तासांतच नमुना बिघडला असेल, तर पुढे कितीही अद्ययावत प्रयोगशाळा गाठली तरी त्या ब्लॉकमधून खरे उत्तर मिळत नाही. मोठे रुग्णालय दूर असलेल्या गावांतील रुग्णांनी म्हणूनच ही विचारणा शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशीच केलेली बरी.